ल्युपस असताना नोकरी कशी सांभाळावी

ल्युपसचे निदान बहुतेकदा पंधरा ते पंचेचाळीस या वयात होते आणि दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात; म्हणजे नोकरी लागण्याच्या, बढतीच्या आणि संसाराच्या ऐन वर्षांतच हा आजार घरात शिरतो. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, रक्तपेशींवर आणि कधी मूत्रपिंडांवर उलटते, हे डॉक्टर समजावून सांगतात. कामाच्या ठिकाणची अडचण मात्र निराळी असते. आजार महिनोन्महिने शांत राहतो आणि अचानक उचल खातो; सोमवारी धडधाकट दिसणाऱ्या बाईला गुरुवारी पेन धरवत नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्यांना ती अंग चोरते असे वाटते. या अनियमितपणाचा जमेल तेवढा अंदाज बांधावा आणि वरिष्ठांकडे नेमक्या, मोजक्या सोयी मागाव्यात. नोकरी टिकवण्याचा याहून भरवशाचा मार्ग मला दिसत नाही.

सुरुवात एका साध्या वहीपासून करावी. सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहिले, ताप होता का, ऊन किती लागले, कोणत्या कामानंतर थकवा आला आणि औषधाचा डोस काय होता, एवढेच रोज दोन ओळींत लिहावे. दीड-दोन महिन्यांत त्यातून काहीतरी आकार दिसू लागतो. सकाळी नऊपर्यंत बोटे मिटत नसतील तर कामाची वेळ तासाभराने पुढे नेण्याची मागणी करता येते. दुपारी तीननंतर डोके चालेनासे होत असेल तर हिशेबाचे काम सकाळी उरकून फायली लावण्याचे काम दुपारी ठेवता येते. विसराळूपणा आणि शब्द न आठवणे हाही या आजाराचा भाग असू शकतो, म्हणून तोंडी सांगितलेले प्रत्येक काम तिथल्या तिथे लिहून घ्यावे. हीच वही डॉक्टरांनाही उपयोगी पडते.

गोव्यात सर्वांत जास्त विचार उन्हाचा करावा लागतो, कारण अतिनील किरणांमुळे पुष्कळ रुग्णांच्या अंगावर चट्टे उठतात आणि आजारही बळावतो. आपला प्रदेश साधारण १५ अंश अक्षांशावर असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो: एकदा एप्रिल संपता संपता आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या मध्यावर, ऐन पावसाळ्यात. ढगांतूनही हे किरण बऱ्यापैकी खाली येतात, त्यामुळे पावसात सनस्क्रीन बाजूला ठेवणे बरोबर नाही. एसपीएफ ५० चे सनस्क्रीन घरातून निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. खिडकीची साधी काचही सगळे किरण अडवत नाही. कार्यालयात खिडकीलगतची जागा मिळाली असेल तर ती दुसऱ्याला आनंदाने द्यावी.

प्रवासाचेही तसेच. म्हापशाहून सकाळी पणजीला येणाऱ्या कदंबच्या (राज्य परिवहनाच्या) शटल बसमध्ये ऊन डाव्या बाजूने येते आणि संध्याकाळी परतताना पुन्हा डावीकडूनच, त्यामुळे दोन्ही वेळा ड्रायव्हरच्या बाजूची जागा धरावी. मडगावहून ये-जा करणाऱ्यांनी याच्या उलट बसावे. ज्यांना स्कूटरशिवाय गत्यंतर नाही त्यांनी पूर्ण बाह्यांचा सुती कोट, हातमोजे आणि चेहरा झाकणारे हेल्मेट वापरावे. लोक हसतील, हसू द्यावे.

कामाच्या स्वरूपाविषयी स्वतःशी प्रामाणिक असावे लागते. किनाऱ्यावरच्या शॅकमधली (झोपडीवजा उपाहारगृहातली) नोकरी, पर्यटकांना दिवसभर फिरवणे, भर उन्हाळ्यात काजूच्या बागेतले बोंडू वेचणे किंवा रस्त्यावरचे सर्वेक्षण ही कामे ल्युपसमध्ये सहसा झेपत नाहीत, आणि तिथे हट्टाने टिकून राहण्यापेक्षा त्याच मालकाकडे आतले काम मागणे शहाणपणाचे असते. शॅकमध्ये बिलिंग आणि खरेदीची नोंद कुणीतरी करतेच. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या पॅकिंगवर उभे राहणाऱ्या मुलींना कामाची पाळी बदलत राहण्याचा जाच अधिक होतो. रात्रपाळीने झोप मोडते आणि थकवा वाढतो, म्हणून एकच दिवसपाळी आणि उंच स्टूल या दोन मागण्या आधी कराव्यात. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये ऊन नसते, पण एसी असतो. ल्युपसच्या काही रुग्णांची बोटे गारठ्याने आधी पांढरी आणि मग निळी पडतात. अशांनी एसीच्या झोताखाली बसू नये आणि पातळ लोकरी हातमोजे ड्रॉवरमध्ये ठेवावेत.

आजार कुणाला सांगावा, हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. सगळ्यांना सांगण्याची गरज नाही, पण रजा मंजूर करणाऱ्या व्यक्तीला सांगितल्यावाचून भागत नाही, आणि ते आजार शांत असताना सांगावे. रडवेल्या अवस्थेत सांगितलेली गोष्ट वरिष्ठांना संकट वाटते. लेखी अर्ज थोडक्यात असावा. शाळेतल्या शिक्षिकेने मुख्याध्यापिकेला असे लिहिता येईल: "मला ल्युपस हा दीर्घकालीन आजार असून तो संसर्गजन्य नाही. उन्हामुळे तो बळावत असल्याने मैदानावरची प्रार्थना आणि क्रीडादिनाची जबाबदारी यांतून मला वगळावे. त्याऐवजी निकालपत्रकांचे काम मी करीन. दर तीन महिन्यांनी एक दिवस तपासणीसाठी रजा लागेल. सोबत डॉक्टरांचे पत्र जोडले आहे." या अर्जात देणे आणि घेणे दोन्ही आहे, म्हणून तो नाकारणे अवघड जाते. मंजुरी तोंडी मिळाली तरी अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

रजा आणि पैसा यांचा हिशेब वर्षाच्या सुरुवातीलाच मांडावा. सरकारी नोकरीत वर्षाला २० दिवसांची अर्धपगारी रजा जमा होते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती निम्म्या दिवसांच्या पूर्णपगारी रजेत परिवर्तित करता येते. ती किरकोळ कारणांसाठी संपवू नये. खासगी आस्थापनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू होते आणि पुरेशी वर्गणी भरलेली असल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. गोवा राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचे कार्ड काढून ठेवावे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, मात्र कोणते उपचार तिच्या यादीत बसतात हे रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी विचारून घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ल्युपसचे नाव नाही. तथापि आजारामुळे सांधे किंवा दृष्टी कायमची अधू झाली, तर त्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, आणि सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला त्या कारणास्तव कामावरून काढता येत नाही.

औषधांच्या बाबतीत नोकरदार माणसाची एक ठरलेली चूक होते: कामाचा हंगाम आला, बरेही वाटते आहे, म्हणून गोळ्या थांबतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही ल्युपसवरची नेहमीची गोळी आजार शांत असतानाच त्याला शांत ठेवते. तिच्यासाठी डोळ्यांची तपासणी सुरुवातीला आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी करावी. स्टेरॉइड तर एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. लघवीची तपासणीही चुकवू नये, कारण मूत्रपिंडाचा त्रास पुष्कळदा दुखल्याखुपल्याशिवाय सुरू होतो. सांधेदुखीसाठी फार्मसीतून परस्पर वेदनाशामक आणून कामाला जाणे मूत्रपिंडांना महागात पडते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना ताप आला तर "उद्या पाहू" म्हणत ड्युटीवर जाऊ नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. बाळाचा विचार असेल तर आजार किमान सहा महिने शांत असावा लागतो आणि काही औषधे आधीच बदलावी लागतात, म्हणून बढती, बदली आणि गरोदरपण यांचे वेळापत्रक डॉक्टरांसमोर एकत्रच मांडावे.

घरकाम वगळून नोकरीचा हिशेब करता येत नाही. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा आठवडा घ्या: घराची साफसफाई, माटोळीचे म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे सामान, नेवऱ्या (करंज्या), पाहुण्यांची जेवणे, आणि हे सगळे ऑगस्ट-सप्टेंबरात कार्यालय सांभाळून. सण संपल्यावर बायका अंथरुणाला खिळतात आणि रजा मात्र आधीच खर्ची पडलेली असते. सासूबाईंना, जावांना कामे आधी वाटून द्यावीत आणि चवथीनंतरचे दोन दिवस रजेसाठी राखून ठेवावेत. सणापूर्वीची रजा त्या मानाने कमी कामाची.

शेवटी राजीनाम्याविषयी. आजाराने उचल खाल्ली असताना किंवा स्टेरॉइडचा डोस चढा असताना राजीनामा लिहू नये, कारण त्या काळात मनही ठिकाणावर नसते. आधी बिनपगारी रजा, अर्धवेळ काम किंवा घरून काम यांची विचारणा करावी. ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा लागते. ती भरायला थोडेच महिने उरले असतील तर तारीख पाहून ठरवावे. कंपनीचा समूह आरोग्यविमा असेल तर नोकरी सोडण्यापूर्वी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज द्यावा, कारण नव्याने घेतलेल्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.