स्लाइडवर कांद्यासारखे दाणे दिसले की लगेच थायरॉइड लिहू नका

पॅथॉलॉजी प्रॅक्टिकलच्या स्पॉटरला (स्लाइड बघून निदान लिहायचं) गोल, कांद्यासारखे थर असलेले जांभळे दाणे दिसले की आपण डोळे झाकून पॅपिलरी कार्सिनोमा थायरॉइड (थायरॉइडचा एक कॅन्सर) लिहून मोकळे होतो आणि तिथेच मार्क जातात, कारण हे दाणे, म्हणजे सॅमोमा बॉडीज, मेनिन्जिओमात (मेंदूच्या आवरणाची गाठ) आणि ओव्हरीच्या सिरस ट्यूमरमधेपण असतात. (माझे गेलेत.)

१. आधी लो पॉवर. बाजूला गुलाबी कोलॉइड (घट्ट द्रव) भरलेले फॉलिकल्स (गोल पिशव्या) असतील तर थायरॉइड, पेशी भोवऱ्यासारख्या गरगरलेल्या असतील तर मेनिन्जिओमा.

२. मग हाय पॉवरवर न्यूक्लियस बघायचा. मधून खोडरबरने पुसल्यासारखा, एकमेकांवर चढलेला, कॉफीच्या बीसारखी उभी खाच. हे दिसलं की पॅपिलरीच लिहायचं, दाणे असोत नसोत.

फक्त एफएनएसीच्या (सुईने पेशी ओढून काढलेल्या) स्मिअरमधे ते पुसलेले न्यूक्लियस शोधत बसू नका, तिथे खाचच बघा.