पर्यवेक्षणात पीएचडी: विद्यापीठाआधी मार्गदर्शक बघा

नागपुरातले अनेक शिक्षक आणि केंद्रप्रमुख ‘शैक्षणिक पर्यवेक्षण’ (शाळा आणि वर्गांची देखरेख) अशा नावाची पीएचडी शोधत बसतात. आपल्याकडे पीएचडी सहसा शिक्षणशास्त्रात होते. पर्यवेक्षण किंवा अभ्यासक्रम हा तिच्यातला तुमचा संशोधनविषय असतो. त्यामुळे नागपूर विद्यापीठ, अमरावती की वर्ध्याचे हिंदी विद्यापीठ, हा वाद नंतर घाला.

पात्रतेचे थोडक्यात: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत, आरक्षित प्रवर्गांना ५ टक्के सूट. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण २०२४पासून पीएचडी प्रवेशालाही धरतात, पण ते वर्षभरच चालतात. नोकरी सांभाळून करायची तर ना-हरकत प्रमाणपत्र आधी मिळवा. दूरस्थ पीएचडीच्या जाहिराती सरळ फेकून द्या, ती मान्यच नाही.

आता मार्गदर्शक. मी सर्वांत जास्त इथेच अडकले होते. ‘ज्यांच्याकडे जागा रिकामी आहे त्यांना गाठा’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो घातक आहे. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६ आणि सहायकाला ४ विद्यार्थी घेता येतात. जागा असणे एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्या मार्गदर्शकाच्या हाताखाली झालेले तीन-चार प्रबंध उघडा. प्रस्तावना सोडा, थेट परिशिष्टांवर जा. केंद्रप्रमुख शाळाभेटीत वर्गात किती वेळ बसले, पाठानंतर शिक्षकाशी काय बोलले, शेरेपुस्तकात काय लिहिले, हे टिपणारा निरीक्षण तक्ता तिथे असेल तर या व्यक्तीला पर्यवेक्षण कळते. मुख्याध्यापकांकडून भरून घेतलेली ‘सहमत-असहमत’ प्रश्नावलीच प्रत्येक प्रबंधात असेल आणि फक्त तालुका बदललेला असेल, तर तिथे जाऊ नका, विद्यापीठ कितीही नावाजलेले असो. तुमची पाच-सहा वर्षे त्यात जाणार आहेत.

निवृत्तीही विचारा. सेवेची तीन वर्षेही उरली नसतील तर नियमाने त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही.

सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटून एकच विचारा: विद्यार्थ्याची प्रगती तपासणाऱ्या संशोधन सल्लागार समितीची बैठक दर सत्राला खरोखर होते, की नुसत्या सह्या होतात?

मार्गदर्शक ठरवण्याचा अंतिम अधिकार विद्यापीठाचा, म्हणून मुलाखतीआधीच भेट घ्या. काटोल किंवा हिंगण्याच्या कोणत्या शाळांत काय बघणार, याचे दोन पानी टिपण सोबत न्या. ते वाचून जे तुमच्या नमुना निवडीवर, म्हणजे याच शाळा का घेतल्या यावर, प्रश्न विचारतील, त्यांच्याकडे जाण्यासाठी पूर्ण ताकद लावा.