बारीक फिनिशसाठी सँडर कोणता घ्यावा

पॉलिशचा दुसरा हात सुकतो, खिडकीतून तिरपा उजेड येतो आणि टेबलावर गोल गोल वेटोळे दिसू लागतात. बोल पॉलिशवाल्याला लागतो, पण ते वेटोळे पॉलिशच्या आधीच सँडरने, म्हणजे पॉलिश पेपर घासणाऱ्या मशीनने, लाकडात कोरलेले असतात. पॉलिशने ते फक्त उघडे पाडले. म्हणून सँडर घेताना तो किती झपाट्याने लाकूड काढतो याला दुय्यम मान द्या. शेवटच्या पेपरनंतर लाकडावर काय ठेवून जातो, ते आधी बघा.

दुकानात पहिली गोष्ट सांगितली जाते ती वॅट. फिनिशिंगच्या सँडरमध्ये वॅटला फारसं महत्त्व नाही. बॉशचा जीईएक्स १२५-१ एई हा सगळीकडे मिळणारा सँडर २५० वॅटचा आहे, मकिताचा बीओ५०३० ३०० वॅटचा. घरगुती फर्निचरच्या कामाला एवढं पुरतं. फरक पडतो तो ऑर्बिट (पॅड घुमतो ते छोटं वर्तुळ), पॅड (पेपर चिकटतो तो तळ) आणि धूळ खेचण्याच्या सोयीने.

कोणतं मशीन कशासाठी

बेल्ट सँडर रंध्याच्या जागी वापरायचा: जोडलेल्या फळ्यांमधला उंचसखलपणा काढायला, जुना रंग उतरवायला. व्हिनियरवर, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पानावर, तो टेकवूच नका. वरचं पान अर्ध्या मिलिमीटरचं, कित्येकदा त्याहूनही पातळ असतं. बेल्ट क्षणभर एका जागी रेंगाळला की खालचा प्लाय दिसतो आणि त्यावर उपाय नसतो.

ग्राइंडरला सँडिंगची चकती लावून घासायची सवय साइटवर सर्रास आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो आणि चकती एकाच मध्याभोवती फिरते, त्यामुळे लाकडात कमानीच्या आकाराचे खोल चरे पडतात. ते काढायला पुन्हा ८० नंबरच्या जाड पेपरपासून सुरुवात करावी लागते (नंबर वाढेल तसा पेपर बारीक). बारीक कामातून ग्राइंडर बादच करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाव शीटचा ऑर्बिटल सँडर स्वस्त. २३० बाय २८० मिमीच्या साध्या शीटचे चार तुकडे करून त्यावर लावता येतात. पॅड चौकोनी असल्याने खणाच्या कोपऱ्यात तो पोचतो, आणि पॉलिशच्या दोन हातांच्या मध्ये सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा खालचा थर) हलका घासायलाही चांगला. मात्र त्याच्या पेपरचा प्रत्येक कण तेच ते छोटं वर्तुळ गिरवत राहतो, म्हणून उघड्या लाकडावर बारीक वेटोळ्यांची जाळी उरते.

रँडम ऑर्बिट सँडरमध्ये पॅड दोन हालचाली एकदम करतो. मोटर त्याला मध्यापासून थोडं बाजूला ठेवून घुमवते, आणि शिवाय तो बेअरिंगवर मोकळा असल्याने स्वतःभोवतीही सावकाश फिरतो. एकाच कणाची वाट पुन्हा पुन्हा तीच राहत नाही, म्हणून ओरखडे विखुरतात आणि डोळ्याला दिसत नाहीत. बारीक फिनिशसाठी एकच सँडर घ्यायचा असेल तर हाच, १२५ मिमीचा. टेबलटॉप आणि दारांची मोठी कामं रोजची असतील तरच १५० मिमीचा बघा. खुर्चीचे पाय आणि अरुंद चौकटी यांवर मोठा पॅड तिरका होतो आणि कडा गोल करून टाकतो.

ऑर्बिटचं माप

माहितीपत्रकात ऑर्बिटचा आकडा शोधा. बारीक कामाला २.५ ते ३ मिमी, भराभर लाकूड काढायला ५ मिमी. फेस्टूल आणि मिरका या सँडर कंपन्यांकडे बाकी सगळं सारखं, पण ऑर्बिट वेगळा, अशा जोड्या मिळतात. आकडा वाचताना जपून: काही कंपन्या वर्तुळाचा व्यास देतात, तर काही मध्यापासूनचं अंतर, म्हणजे व्यासाच्या निम्मं. १.२५ आणि २.५ हे दोन आकडे एकाच ऑर्बिटचे असू शकतात.

सँडर किती वेगाने सरकवायचा, तेही यातूनच ठरतं. मशीन मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला साधारण १६७ होतात. सेकंदाला अडीच सेंटीमीटर सरकवलं की एका फेऱ्यात पॅड जेमतेम ०.१५ मिमी पुढे जातो, वर्तुळं एकमेकांवर पडतात आणि मिटतात. तेच सेकंदाला १५ सेंटीमीटरने ओढलं की अंतर ०.९ मिमी होतं आणि प्रत्येक वर्तुळ सुटं दिसतं. घाईघाईने मागेपुढे फिरवलेल्या सँडरखाली महागडा पेपरही वेटोळेच पाडतो.

वेग कमीजास्त करायचं चाक असलेलंच मशीन घ्या. उघड्या लाकडावर वरचा वेग चालतो, पण सीलर, मेलामाइन किंवा चपड्याच्या पॉलिशच्या थरावर वेग निम्म्यावर आणावा लागतो. नाहीतर थर तापून मऊ होतो, पेपरवर त्याचे टणक ठिपके जमतात, आणि तेच ठिपके पुढच्या फूटभर जागेत ओरखडे काढतात.

पॅड आणि ब्रेक

पॅडकडे कोणी बघत नाही, पण सपाटपणा त्याच्यावरच अवलंबून असतो. पाइनसारख्या लाकडात एकाआड एक मऊ आणि कठीण रेषा असतात. मऊ पॅडने मऊ भाग जास्त खरवडला जातो, कठीण रेषा वर राहतात, आणि पॉलिशनंतर पृष्ठभाग लाटालाटांचा दिसतो. अशा लाकडाला, प्लायला आणि सपाट टॉपला कठीण पॅड लावा. सागवानाला आणि रोजच्या कामाला मध्यम. गोलाईसाठी मऊ पॅड, किंवा आहे त्याच पॅडवर ५ ते १० मिमीचा स्पंजचा थर वेलक्रोने बसवा, वेगळा सँडर लागत नाही.

मशीन हवेत धरून चालू केल्यावर पॅड पूर्ण वेगाने गरगरायला नको. पॅडवर टेकलेली रबरी रिंग त्याला अडवते. ती झिजली की मोकळा पॅड सुसाट फिरतो, लाकडावर टेकवताक्षणी खोल चरा पडतो. सँडर लाकडावर टेकवून मगच चालू करावा आणि उचलूनच बंद करावा. रिंग मात्र झिजली की बदललीच पाहिजे. ती आणि सुटा पॅड तुमच्या गावात मिळतो का, हे मशीन घेण्याआधी विचारून ठेवा. वेलक्रोचे आकडे उष्णतेने वितळतात, त्यामुळे दाबून काम करणाऱ्याला पॅड वरचेवर बदलावा लागतो.

धूळ

सँडरला लागलेली पिशवी पुरत नाही. पेपर आणि लाकूड यांच्यामध्ये भुकटी साचली की कण लाकडाला टेकतच नाहीत. भुकटीचे गोळे होतात, मधूनच एखादा मोठा सुटा कण अडकतो आणि शेपटीचा वेटोळा काढतो. व्हॅक्यूम जोडला तर पेपर जास्त टिकतो आणि वेटोळे कमी होतात. पेपरची भोकं पॅडच्या भोकांवर बरोबर बसायला हवीत. १२५ मिमीत आठ भोकांची रचना सर्वाधिक चालते. जाळीच्या डिस्कला, म्हणजे जाळीच्या गोल पेपरला, भोकांचं बंधन नाही, पण ती थेट पॅडवर लावली तर वेलक्रो लवकर जातो, म्हणून मध्ये पातळ संरक्षक थर घाला. मशीन बघायला जाताना व्हॅक्यूमच्या पाइपचं टोक बरोबर न्या. तोंडाची मापं कंपनीगणिक वेगळी असतात आणि जोडणीचा तुकडा नंतर शोधणं त्रासाचं होतं.

प्रश्न फिनिशपुरताही नाही. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेलं आहे, मुख्यतः नाकाचा आणि त्यालगतच्या पोकळ्यांचा. सागवान आणि शिसवाच्या धुळीने अनेकांना खाज आणि दमाही होतो. व्हॅक्यूम असला तरी एन९५ मास्क लावाच. पॉलिशची किंवा तेलाची भुकटी भरलेली पिशवी त्याच संध्याकाळी बाहेर रिकामी करा, ती साठून आपोआप पेटू शकते.

दुकानात काय तपासायचं

प्लग काढून पॅडवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. खालून उजेड दिसला तर पॅड वाकडा आहे. पॅड बोटांनी हलवून बघा. तो फिरला पाहिजे, पण वरखाली खुटखुट नको. मग मशीन सगळ्यात कमी वेगावर चालू करा आणि तळहाताने वरून धरा. हात पाच मिनिटांत बधिर होत असेल तर तासाभराचं काम त्यावर होणार नाही. शक्य असेल तर १२० नंबरची नवी डिस्क लावून सागवानाच्या तुकड्यावर घासा, थिनरचा बोळा फिरवा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा.

चार बाय दोन फुटांचा सागवानी टॉप

रंधा मारलेला असेल तर १२० नंबरपासून सुरू करा, चरे असतील तर ८० पासून. पुढे १५० किंवा १८०, शेवटी २२०. मधला एखादा नंबर वगळला तर चालेल, दोन वगळू नका. ८० चा चरा २२० ने जात नाही, फक्त गुळगुळीत होतो आणि पॉलिशखाली परत दिसतो.

प्रत्येक नंबराआधी टॉपवर पेन्सिलीच्या फिकट आडव्यातिडव्या रेघा ओढा, म्हणजे कुठे घासायचं राहिलं ते दिसतं. सँडर लाकडाच्या रेषांच्या दिशेने, निम्मा पॅड आधीच्या पट्ट्यावर ठेवत सरकवा. १२५ मिमीच्या पॅडने असे दहा पट्टे होतात, आणि सेकंदाला अडीच सेंटीमीटरने एक फेरी सुमारे आठ मिनिटांची. दुसरी फेरी आडवी. चार नंबर घेतले तर तासाच्या वर वेळ जातो, तो धरूनच काम घ्या. हाताचा भार फक्त तोल सांभाळण्यापुरता. पॅडच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा: काम चालू असताना ती सावकाश फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली तर तुम्ही दाबताय, आणि तुमचा रँडम सँडर साधा ऑर्बिटल झाला आहे.

कडेला आल्यावर पॅडचा दोन तृतीयांश भाग लाकडावरच ठेवा. नंबर बदलताना टॉप व्हॅक्यूमने साफ करा. आधीच्या पेपरचा एक कण राहिला तरी नव्या पेपरखाली तो चरा काढतो. सागवान तेलकट, त्यामुळे पेपर लवकर भरतो. डिस्क क्रेप रबराच्या कांडीवर घासली की बरीच मोकळी होते.

शेवटच्या नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हाताने, फक्त रेषांच्या दिशेने पाचसहा वेळा फिरवा. उरलेली वर्तुळं त्याने रेषांत मिसळतात. मेलामाइन किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर चढणार असेल तर १८० ते २२० वर थांबा. जास्त गुळगुळीत लाकडाला थर नीट धरत नाही. तेल लावणार असाल तर २४० ते ३२०. फळीचं टोक, म्हणजे आडवा छेद, पॉलिश जास्त पितो आणि काळवंडतो, तिथे एक नंबर पुढे जा. पाण्यावर चालणारं पॉलिश असेल तर ओल्या फडक्याने टॉप पुसा, वाळू द्या, उभे राहिलेले तंतू २२० ने अलगद काढा, मगच पहिला हात मारा.

दोन शंका

बॅटरीचा सँडर घ्यावा का? साइटवर वीज नसेल तर घ्या. कार्यशाळेत व्हॅक्यूमचा पाइप जोडलेलाच असतो, म्हणजे मोकळेपणा तसाही गेला. वर बॅटरीचं वजन पॅडला एका बाजूला झुकवतं.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मशीन मागवताना त्यावरचा व्होल्टेज वाचा. तिथलं १२० व्होल्टचं मशीन आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं तर मोटर जळते. कार्बन ब्रशच्या मोटरला ५० किंवा ६० हर्ट्झने अडत नाही, पण व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. ३०० वॅटच्या सँडरला ५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा घ्या.