साडेबारा ते साडेसात: उपनगरात ट्यूशन आणि डे केअर सुरू करायचं असेल तर

मुलुंड ईस्टला मी गेली चौदा वर्षं ट्यूशन घेतेय, त्यातली नऊ वर्षं शाळेनंतर मुलं सांभाळायचंही काम करतेय, आणि दर मार्च-एप्रिलमध्ये कुणी ना कुणी ताई फोन करतेच की मलाही सुरू करायचंय, काय काय लागतं ते सांगा ना. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

बहुतेक जणी "मी गणित छान शिकवते" इथून सुरुवात करतात. शिकवता यायलाच हवं, पण आपल्याकडच्या आईची अडचण आधी वेळेची असते. सकाळची शाळा साडेबाराला सुटते, आई फोर्टला नाहीतर बीकेसीला, ती सहाला निघाली आणि गाडी वेळेवर मिळाली तरी घरात पाय टाकेपर्यंत साडेसात होतात. मधले सात तास मूल कुठे आहे, जेवलं का, कुणाबरोबर आहे हा तिच्या जिवाला घोर असतो आणि तुम्हाला ती फी देते ती तो घोर कमी व्हावा म्हणून. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

म्हणून बॅनर छापायच्या आधी एक वही घ्या आणि तुमच्या घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत येणाऱ्या सगळ्या शाळांच्या वेळा लिहून काढा, सकाळची शिफ्ट, दुपारची शिफ्ट, शनिवार कसा असतो, परीक्षेच्या दिवसांत किती वाजता सोडतात. दुपारच्या शिफ्टच्या मुलांना सकाळी आठ ते बारा जागा लागते, ती बॅच बरेच जण विसरतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय सरकारने २०२४ मध्ये काढला, तेव्हापासून काही शाळांच्या वेळा सरकल्यात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या माहितीवर जाऊ नका. शाळेच्या गेटवर व्हॅनवाले काका उभे असतात त्यांना विचारा, त्यांना सगळं पाठ असतं, आणि पुढे मुलं तुमच्या दारात आणून सोडायचं कामही तेच करणार असतात.

आता जागा. घरातून सुरू करणं सगळ्यात स्वस्त, मीही वन बीएचकेच्या हॉलमध्ये सतरंजी टाकूनच सुरू केलं. पण सोसायटीला अंधारात ठेवू नका. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, किती मुलं, किती ते किती, चपला कुठे, लिफ्ट वापरणार का, सगळं लिहा आणि कमिटीचं उत्तरही लेखीच घ्या, कारण कमिटी बदलते आणि आधीचे चेअरमन तोंडी काय म्हणाले होते ते नव्यांना मान्य असेलच असं नाही. भांडणं होतात ती दुपारच्या आवाजावरून आणि जिन्यातल्या चपलांवरून. मी चपलांचा रॅक दाराच्या आत घेतला आणि दोन ते साडेतीन झोप किंवा चित्रं एवढंच ठेवलं, खालच्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रार त्यानंतर आली नाही.

भाड्याने घेणार असाल तर तळमजला बघा, आणि लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करूनच घ्या, महाराष्ट्रात ते कायद्यानेच बंधनकारक आहे. त्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन रिडेव्हलपमेंट कुठवर आलंय ते विचारा. मिठागर रोड घ्या, नवघर रोड घ्या, जुन्या बिल्डिंगा पडतायत आणि टॉवर उभे राहतायत. माझा पहिला गाळा असाच दीड वर्षात हातचा गेला, रंग, पंखे, फरशी यात घातलेले पैसे तिथेच राहिले, मालकाला माहीत होतं पण तो बोलला नाही. शिवाय बिल्डिंग रिकामी झाली की तिथली मुलंही जातात, कुणी ठाण्याला भाड्याने, कुणी डोंबिवलीला आजीकडे, म्हणून सगळी मुलं एकाच सोसायटीतली नसावीत हे पहिल्यापासून बघा.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. गुमास्ता म्हणजे शॉप ॲक्टची नोंदणी, त्याच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे मोजकीच माणसं कामाला असतील तर ऑनलाइन माहिती कळवायची आणि पावती घ्यायची, एवढंच. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर आधार-पॅनवर फुकट होते, कुणी त्याचे हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की, पण इन्कम टॅक्स रिटर्न पहिल्या वर्षापासून भरा, पुढे गाळ्यासाठी लोन घ्यायचं झालं तर बँक तेच मागते. शाळेत शिक्षिका असाल तर मात्र थांबा, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई आहे, नोकरी धोक्यात घालू नका. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी गाइडलाइन्स काढल्या, त्या ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असणाऱ्यांसाठी आहेत, पण त्यातल्या दोन गोष्टी मी माझ्याकडे घेतल्या. दर मुलामागे किमान एक चौरस मीटर जागा, आणि मूल मध्येच गेलं तर उरलेल्या दिवसांची फी दहा दिवसांत परत. डे केअरला मात्र एक चौरस मीटर पुरत नाही हो, मूल आडवं झालं की दुप्पट जागा लागते, माझ्या खोलीत २० मुलं बसतील पण मी १२ वर थांबते.

पैशाचा हिशोब आधी कागदावर करा. समजा १२ मुलं आणि महिना ३,५०० फी, म्हणजे ४२,००० आले. भाडं १८,०००, मावशींचा पगार १०,०००, लाइट, इंटरनेट, झेरॉक्स, फिनेल, टिश्यू असं सगळं धरून ३,०००. उरले ११,०००. ऐकायला ठीक वाटतं पण मे महिन्यात अर्धी मुलं गावी जातात, तेव्हा येतात २१,००० आणि खर्च ३१,००० तसाच, म्हणजे १०,००० खिशातून घालायचे. दिवाळीच्या सुट्टीतही थोडं तसंच. त्यामुळे वर्षाला बारा महिने फी येईल असं धरू नका, साडेदहा धरा, आणि मेमध्ये सुट्टीची बॅच ठेवा, पाढे, अक्षर, मराठी गोष्टींचं वाचन. मे महिन्याची जागा राखायची असेल तर अर्धी फी, हे ॲडमिशनच्याच दिवशी फॉर्मवर लिहून सही घ्या, मेमध्ये सांगितलं तर ओळखीतली माणसं दुखावतात. फी महिन्याच्या ५ तारखेच्या आत, आगाऊ. मी सुरुवातीला मागायला लाजायचे आणि तीन-तीन महिन्यांची फी अडकून राहायची.

सुरक्षितता हा भाग कृपया घाईत वाचू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतच दोन लहान मुलींवर अत्याचार झाला, त्यानंतर प्रत्येक आई विचारते, आणि तिने विचारलंच पाहिजे. मदतीला बाईमाणूसच ठेवा, पोलीस व्हेरिफिकेशन करूनच, ओळखीतली असली तरी. लहान मुलांना टॉयलेटला कोण नेणार हे ठरलेलं हवं आणि ते पालकांना माहीत हवं. तुमच्या घरात दीर, सासरे, मोठा मुलगा असेल तर मुलांच्या वेळेत ती खोली त्यांची नाही, हे घरात स्पष्ट बोला, अवघड वाटलं तरी. कुठल्याही मुलाबाबत काही गैर घडलंय असा संशय आला, मग ते तुमच्याकडचं असो, शाळेतलं असो की त्याच्या घरातलं, तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, मिटवून टाकायचा प्रश्नच येत नाही. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा आणि १०८ ॲम्ब्युलन्सचा नंबर दारामागे मोठ्या अक्षरात लावा. खिडक्यांना ग्रिल, खालच्या सॉकेटला झाकणं, छोटं फायर एक्स्टिंग्विशर. मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांचे फोटो फॉर्मला चिकटवा. एकदा एक काका आले, "मी तिचा मामा, ताईने पाठवलंय", मुलगीही मामा मामा करत बिलगली, तरी फोटो नव्हता म्हणून मी आईचा फोन लागेपर्यंत वीस मिनिटं त्यांना बाहेर बसवलं. खराच मामा होता, चिडला, पण त्या आईने पुढच्या महिन्यात मला तीन मुलं आणून दिली.

जेवणाचं म्हणाल तर सुरुवातीला घरचा डबा गरम करून द्या, स्वतः रांधून द्यायचं ठरवलंत की एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी रजिस्ट्रेशन करा.

शिकवताना एक चूक सगळ्यांची होते, मूल आलं की लगेच होमवर्क. ते सकाळी सहाला उठलेलं असतं हो. जेवण, झोप, मग साडेतीनला वही. आणि प्रत्येकाच्या वहीत काय चुकतंय ते बघा, नुसतं उत्तर खोडून बरोबर लिहून देऊ नका. माझ्याकडे दुसरीतली एक मुलगी होती, सेमी-इंग्लिशची, बेरजा सारख्या चुकायच्या. एक दिवस शेजारी बसून बघितलं तर ४७ अधिक २८ करताना ती वर एकदा १ लिहायची आणि बाजूला आणखी एकदा १ लिहायची, उत्तर ८५. विचारलं, दोन कशाला गं? म्हणाली, "एक कॅरी आहे आणि एक आजीचा हातचा." शाळेत टीचर कॅरी म्हणायच्या, घरी आजी हातचा म्हणायची, तिला वाटायचं दोन्ही द्यायचे असतात. पंधरा वाल आणि दोन वाट्या घेऊन बसवलं, दहाचा एक गठ्ठा केला, तो एकदाच उचलून पलीकडच्या वाटीत ठेवला, तेव्हा तिचा चेहरा जो उजळला ना! बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, सेमीच्या मुलांसाठी मराठी आणि इंग्रजी दोन्ही पुस्तकं उघडी ठेवा. स्कॉलरशिप, सहावी आणि नववीची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा या बॅच नंतर, दोन वर्षं हात बसल्यावर.

पावसाची तयारी वेगळी करा. २९ ऑगस्ट २०१७, पाचव्या दिवसाचे गणपती, मुलांना सुट्टी पण आई-बाबांच्या ऑफिसला नाही. डे केअर सुरू करून वर्षही झालं नव्हतं. सांताक्रूझला ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, सेंट्रलच्या गाड्या बंद पडल्या आणि माझ्याकडे पाच मुलं. फोन लागत नव्हते, लाइट जाऊन-येऊन. त्यातला पाच वर्षांचा एक मुलगा दर थोड्या वेळाने उठून दारातल्या चपला मोजायचा, कुणाची आई आली का बघायला. त्याची आई सायनपासून विक्रोळीपर्यंत चालत आणि पुढे एका टेम्पोतून पावणेबाराला पोचली, तोवर तो माझ्या मांडीवर झोपला होता. तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझ्याकडे खिचडीचं सामान, टॉर्च, भरलेली पॉवर बँक आणि प्रत्येक मुलाचा एक ज्यादा कपड्यांचा जोड कायम असतो, आणि फॉर्मवर मुलुंडमध्येच राहणाऱ्या दोन माणसांचे नंबर मागते. एरवी पावणेआठनंतर उशिराचे पैसे घेते, कारण मावशींनाही घर आहे, पण गाड्या बंद असतील त्या दिवशी एक रुपयाही घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

पहिली मुलं मिळवायला पेपरातून पत्रकं टाकायची गरज नाही. मार्चमध्ये सोसायट्यांच्या नोटीस बोर्डवर परवानगी घेऊन एक कागद, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज, त्यात वेळा, मुलांची मर्यादा आणि फी स्पष्ट. "१०० टक्के रिझल्ट" असलं काही लिहू नका. मुलांचे फोटो जाहिरातीत टाकू नका. चार मुलांवर सुरू करा. आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिले पंधरा दिवस प्रत्येक आईला दुपारी दोनला न चुकता मेसेज करा, पोचला, जेवला, वरण-भात संपवला, भेंडी ठेवली, आता झोपलाय.