जुन्या ट्रकच्या डिझेलमध्ये टू-टी ऑइल: कोणी घालावे, किती आणि कसे

हल्लीचे डिझेल 'कोरडे' आहे, त्याने पंप झिजतो, म्हणून टाकीत टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनांचे ऑइल घालावे, असे गाडीवाले म्हणतात. पण ऑइल घालावे की नाही, हे आधी गाडीचा पंप, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना दाबाने डिझेल पुरवणारा पंप, बघून ठरवायचे. शेजारच्या गाडीवाल्याने घातले म्हणून आपणही बाटली रिकामी करण्यात अर्थ नाही, कारण दोन गाड्यांचे मॉडेल एकच असले तरी पंप वेगळा असू शकतो. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून कॉइल आणि सळ्या उचलणाऱ्या, तुर्भ्याच्या एपीएमसीत कांदा-बटाटा उतरवणाऱ्या, भिवंडीच्या गोदामांतून माल घेऊन घोडबंदर रोडने जाणाऱ्या कित्येक जुन्या गाड्या अजून मेकॅनिकल पंपावर चालतात. हा लेख त्यांच्या मालकांसाठी आणि चालकांसाठी आहे. गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या सध्याच्या भारत स्टेज-६ मानकाची असेल तर उत्तर एका शब्दात 'नाही' असे आहे. त्याचे कारणही पुढे दिले आहे.

डिझेल 'कोरडे' का म्हणतात

बीएस-३ च्या काळात डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आल्यावर फक्त १०. गंधक हेच वंगण होते असा समज सगळीकडे आहे, पण तो अर्धवट खरा आहे. गंधक काढण्यासाठी रिफायनरीत डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. त्या प्रक्रियेत डिझेलमधली नायट्रोजन आणि ऑक्सिजनची काही संयुगेही निघून जातात. लोखंडाला चिकटून पातळ थर धरायचे काम मुख्यतः हीच संयुगे करत होती. पंपात डिझेल दाबणाऱ्या दांड्याची, म्हणजे प्लंजरची झीज ज्याने थांबायची ते असे गंधकाबरोबर गेले.

हे रिफायनरीवाल्यांनाही माहीत आहे. म्हणून ते डिझेलमध्ये वंगण देणारे रसायन मिसळतात, आणि ते पुरेसे आहे की नाही याची एक ठरलेली चाचणी असते. ६० अंश तापमानाच्या डिझेलमध्ये पोलादी गोळी पोलादी चकतीवर ७५ मिनिटे घासतात आणि गोळीवर पडलेला चट्टा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. आपल्या भारतीय मानकात हा चट्टा ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. म्हणजे चांगल्या पेट्रोल पंपावरचे शुद्ध डिझेल कोरडे नसते. रॉकेल किंवा दुसरे काही मिसळलेले डिझेल मात्र खरोखर कोरडे असते. रॉकेल पातळ असते, प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलमधल्या काही मायक्रॉनच्या फटीत ते टिकत नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की ऑइल घालण्याच्या आधी डिझेल तपासा. प्रत्येक पेट्रोल पंपावर त्या दिवसाची घनता लिहिलेली असते आणि ग्राहकाला ती मोजून मागण्याचा हक्क आहे. १५ अंश तापमानाला धरून काढलेली घनता बीएस-६ डिझेलसाठी घनमीटरला ८१० ते ८४५ किलो असते. टँकरच्या चलनावरचा आकडा आणि मोजलेला आकडा यांत ३ पेक्षा जास्त फरक दिसला, तर तिथे डिझेल भरू नका आणि तक्रार करा. हायवेच्या कडेला 'बायोडिझेल' म्हणून कॅनमधून स्वस्तात मिळणारा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. चांगले, मानकात बसणारे बायोडिझेल दोन टक्के मिसळले तर वंगण म्हणून ते टू-टी ऑइलपेक्षा कितीतरी सरस ठरते, ही गोष्ट खरी आहे. पण कॅनमधल्या मालात नेमके काय आहे, हे विकणाराही सांगू शकत नाही.

पंप ओळखा

बॉनेट किंवा केबिन उघडा आणि इंजेक्टरपासून निघालेल्या लोखंडी पाइपांवर नजर ठेवत मागे जा.

सगळे पाइप एका ओळीत, लांबट पंपाच्या डोक्यातून निघत असतील तर तो इनलाइन पंप. मिस्त्री लोक अजून त्याला मायको पंप म्हणतात. त्याच्या खालच्या कॅमशाफ्टला इंजिन ऑइलचे वंगण मिळते, वरच्या प्लंजरला मात्र डिझेलचेच. पाइप एका गोल डोक्यातून वर्तुळात बाहेर पडत असतील तर तो रोटरी पंप. याचा एकेक भाग डिझेलवरच चालतो, म्हणून कोरड्या डिझेलचा सगळ्यात जास्त मार यालाच बसतो. टू-टी ऑइलचा खरा उपयोग झाला तर इथेच होतो. इनलाइन पंपाला त्याची गरज कमी असते, पण प्रमाणात घातले तर नुकसानही होत नाही.

तिसरा प्रकार कॉमन रेल. एक जाड आडवी नळी, तिच्यातून प्रत्येक इंजेक्टरला छोटा पाइप, आणि इंजेक्टरच्या डोक्यावर वायर. हे दिसले की बॉनेट बंद करा आणि ऑइलचा विचार सोडा. इथे दाब दीड हजार बारच्या पुढे जातो आणि इंजेक्टरची छिद्रे इतकी बारीक असतात की थोडासा गाळही परवडत नाही.

सालावर विसंबू नका. बीएस-४ च्या काही ट्रकनाही इनलाइन पंप होता. अशा गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट बसवलेला असेल तर तिलाही ऑइल नको. आरसी बुकवर उत्सर्जनाचे मानक लिहिलेले असेल तर ते बघा, आणि डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची डीईएफची (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) वेगळी टाकी असेल तर प्रश्नच मिटला. बीएस-६ ट्रकमध्ये धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असतो. काजळी तो अधूनमधून जाळून टाकतो, पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही. ती तिथेच साठत जाते, फिल्टर तुंबतो आणि खर्च मोठा येतो. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

कोणते ऑइल

सीलबंद डब्यातले, स्कूटर-रिक्षाला चालणारे टू-टी ऑइल घ्या. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी अशी प्रतीची नोंद असावी, म्हणजे धूर कमी. होडीच्या मशीनसाठी मिळणारे टीसी-डब्ल्यू३ प्रतीचे ऑइल त्याहून बरे, कारण त्यात धातूची राख जवळजवळ नसते. उरण-करंजाकडच्या, होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानांत विचारून बघा. सुटे ऑइल घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. इंजिनमधून काढलेले काळे ऑइल गाळून टाकीत घालणारे लोक अजून आहेत, आणि हे वाचून त्यांतला एक जरी थांबला तरी मला समाधान आहे. त्या ऑइलमध्ये काजळी असते, झिजलेल्या धातूचा चुरा असतो, पाणी असते. फडक्यातून गाळल्याने यातले काहीच थांबत नाही. फिल्टर लवकर तुंबतो, इंजेक्टरच्या नोझलवर कार्बन चढतो, धूर वाढतो. आणि वंगण म्हणूनही त्याचा फायदा जवळजवळ शून्य आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते. गटारात ओतले तर ते थेट ठाण्याच्या खाडीत जाते.

खाण्याचे तेलही नको. डिझेलपेक्षा ते कितीतरी पट घट्ट असते, त्यामुळे नोझलची फवार बिघडते.

घालायची पद्धत

आधी पाणी काढा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली तरी आतून घाम धरते, आणि पाणी प्लंजरला कोरड्या डिझेलपेक्षा जास्त मारते. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी असू द्या. सकाळी चालू करण्याआधी टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग थोडा सैल करून अर्धा लिटर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. पाच-दहा मिनिटांत पाणी तळाला वेगळे दिसेल. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. फिल्टरच्या खालची पाणी काढायची टोपीही तशीच उघडा. पावसाळ्यात संध्याकाळी टाकी भरून गाडी उभी करायची सवय लावली तर हे काम निम्म्यावर येते.

मग फिल्टर. जुना असेल तर बदला, कारण टाकीत साचलेला गाळ नंतर ढवळला जातो आणि दोष ऑइलवर येतो. फिल्टर बदलल्यावर ब्लीड स्क्रू सैल करून हँड प्राइमरने हवा काढा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू घट्ट करा.

प्रमाण २०० ला १. म्हणजे २०० लिटर डिझेलला १ लिटर, १०० लिटरला ५०० मिली. अंदाजाने ओतू नका, मापाच्या भांड्याने मोजा. भरण्याचे डिझेल धरून हिशेब करा. टाकीत ६० लिटर शिल्लक आहे आणि १४० भरणार, तर आधी ऑइल घातलेले नसल्यास पूर्ण १ लिटर, घातलेले असल्यास फक्त ७०० मिली. ऑइल आधी ओता आणि वरून डिझेल भरा, म्हणजे पडणाऱ्या धारेने ते आपोआप मिसळते. भरल्यानंतर ओतले तर तेवढे नीट मिसळत नाही. जास्त घातल्याने जास्त फायदा होत नाही, उलट धूर निघतो आणि पीयूसीत अडचण येते.

काय बघायचे

दोन-तीन टाक्या होऊ द्या. रोटरी पंपाच्या गाडीत आवाज किंचित मऊ झाल्याचे चालक सांगतात, तेही गायमुखच्या चढावर किंवा खंडाळा घाटात भरलेली गाडी ओढताना. मायलेज वाढते म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. तुम्हाला बघायचेच असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरून, त्याच मार्गावर, त्याच वजनाने, पुन्हा गळ्यापर्यंत भरून हिशेब करा. न्हावा-शेवा बंदराच्या रांगेत इंजिन चालू ठेवून घालवलेले तासही त्या हिशेबात येतात, हे विसरू नका.

काही दुखण्यांवर ऑइल औषध नाही. नवे डिझेल आल्यापासून जुन्या पंपांच्या रबरी सील आकसून गळू लागल्याचे बघायला मिळते. तिथे सील किट बदलावे लागते. सकाळी गाडी बराच वेळ स्टार्टर मारून घेते, चढावर उचलत नाही, काळा धूर सोडते, तर पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून माप जुळवायला द्या. झिजलेल्या प्लंजरची फट कोणतेही ऑइल भरून काढत नाही. पंप नवीन असो वा नुकताच दुरुस्त केलेला, ऑइलचा उपयोग पुढची झीज कमी करण्यापुरताच आहे.

चुकून बीएस-६ किंवा कॉमन रेल गाडीत टू-टी ऑइल गेले आणि ते अर्धा-एक लिटरच असेल, तर घाबरू नका. टाकी चांगल्या डिझेलने गळ्यापर्यंत भरा, ते संपू द्या आणि पुन्हा घालू नका. जास्त गेले असेल, किंवा गेलेले ऑइल काळे असेल, तर चावी फिरवू नका. गाडी आहे तिथेच उभी ठेवा, टाकी पूर्ण रिकामी करून घ्या, फिल्टर नवा बसवा आणि मगच चालू करा.