तालमीतल्या पोरांच्या अंगावरचे फोड: ओळखायचे कसे, करायचं काय

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात यात्रांच्या कुस्त्या तोंडावर आल्या की तालमीतला सराव वाढतो, आणि पोरांच्या मानेवर, गालावर काहीतरी उठतं. कुणी म्हणतं उष्णता, कुणी गजकर्ण. मग मेडिकलमधून ट्यूब येते. या ट्यूबांत बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. खाज थांबते, पण फोड विषाणूचे असतील तर त्या विषाणूला मोकळं रान मिळतं. म्हणून आधी ओळखा, मग लावा.

सगळ्यांत घाईचा हर्पीस. तापात ओठावर जे फोड येतात, त्याचाच हा विषाणू. लढताना गालाला गाल, मानेला मान घासते आणि तो दुसऱ्याच्या कातडीत शिरतो. साधारण आठवड्याभरात आधी चुणचुण, आग होते, मग लालसर जागेवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस उठतो. गळ्यात गाठ येते, कधी अंगात कसर. गजकर्णाची कड गोल, खवलेदार असते आणि ते हळूहळू पसरतं. हे फोड एक-दोन दिवसांत उठतात आणि दुखतात. चुणचुण सुरू होताच डॉक्टरांकडे जा. असायक्लोविरसारख्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितका फायदा जास्त. फोड फोडू नका. डोळ्याच्या जवळ फोड असेल किंवा डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा, नाहीतर बुबुळावर कायमचा डाग राहू शकतो.

आखाड्यात परत कधी उतरायचं? गोळ्यांचे किमान ५ दिवस पुरे झालेले, ७२ तासांत नवा फोड नाही आणि सगळ्या खपल्या वाळलेल्या, हे तिन्ही जमल्यावरच. ओल्या फोडावर पट्टी बांधून उतरणं म्हणजे जोडीदाराला रोग देणं. मातीत हळद, ताक, तेल मुरवलेलं असतं खरं, पण त्याने हा विषाणू मरत नाही.

मोत्यासारख्या, मधोमध खळगा असलेल्या, न दुखणाऱ्या पुळ्या म्हणजे मोलस्कम. लहान पोरांत जास्त. बहुतेकदा वर्ष-दीड वर्षात आपोआप जातात. आतला पांढरा गर पिळून काढला की तो शेजारच्या कातडीवर लागतो आणि एकाच्या दहा होतात. सरावाला उतरताना त्या झाकाव्यात.

चामखिळीवर चुना-सोडा लावून कातडी जाळू नका, घोड्याचा केस बांधू नका; जखम चिघळते, वर व्रण राहतो. हातापायावरची असेल तर रोज रात्री ५ ते १० मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, वरची मेलेली कातडी कानशीने हलकी घासा, भोवती व्हॅसलिन लावा आणि सॅलिसिलिक ॲसिडचं औषध फक्त चामखिळीवर टेकवा. बारा आठवडे नेमाने. मधेच कंटाळून सोडू नका. ती कानशी दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. चेहऱ्यावर किंवा जननेंद्रियावर हे औषध नको. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

लंगोट, टॉवेल, वस्तरा ज्याचा त्याने वापरायचा. सराव संपल्यावर लगेच साबणाने अंघोळ. लंगोट रोज धुऊन कडक उन्हात वाळवा. ओला गोळा करून पिशवीत कोंबू नका.