विमानाच्या केबिनमधील हवा : या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत मेकॅनिकल शिकून विमानातील वायुवीजनाकडे वळणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे. ब्लीड एअर (इंजिनातून काढून घेतलेली दाबाखालची हवा), पॅक (ती हवा थंड करून केबिनला देणारे यंत्र), हेपा फिल्टर (सूक्ष्म कण अडवणारी गाळणी) या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत, असे धरून चालतो.

माझी गणिते ज्या एका गोष्टीपाशी वारंवार अडली, ती म्हणजे दाब. अमेरिकेच्या एफएआर २५.८३१ या नियमानुसार प्रत्येक व्यक्तीमागे मिनिटाला ०.५५ पौंड, म्हणजे सुमारे २५० ग्रॅम ताजी हवा पुरवण्याची रचना लागते. हे वजन आहे, आकारमान नव्हे. एवढीच हवा समुद्रसपाटीला साधारण २१० लिटर जागा व्यापते, तर केबिनमधील दाब ८,००० फूट उंचीवरच्या दाबाइतका उतरला की सुमारे २८० लिटर. कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या एनडीआयआर (अवरक्त किरणांवर चालणाऱ्या) सेन्सरचेही तसेच आहे. तो मुळात रेणूंची दाटी मोजतो आणि त्या दाबाला रेणू विरळ झालेले असतात. म्हणून दाबाची दुरुस्ती न केलेला सेन्सर १,६०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असताना १,२००च्या आसपास आकडा दाखवतो आणि हवा आहे त्याहून चांगली वाटू लागते. असा आकडा अहवालात गेला, तर त्यावर उभा राहिलेला प्रत्येक निष्कर्ष चुकतो. मात्र घाबरू नका. हे गणित कनिष्ठ महाविद्यालयात शिकलेल्या वायुनियमांपलीकडचे नाही.

आयती एक्सेल शीट हाती ठेवणाऱ्या वरिष्ठांपेक्षा "आधी एकक सांग" म्हणून परत पाठवणारे वरिष्ठ कितीतरी बरे, असे माझे ठाम मत आहे. गावाकडे विचारायला कोणी नसते, तेव्हा आयत्या शीटचा मोह अधिकच होतो.

"आणखी फिल्टर बसवा" हा असाच एक आवडता सोपा उपाय. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो; कार्बन डायऑक्साइड किंवा ओझोन अडवत नाही. ओझोनसाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो आणि कार्बन डायऑक्साइड कमी करायचा तर बाहेरची हवाच वाढवावी लागते. आपल्याकडे कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवतात, कारण आतली हवा निघाल्याशिवाय नवी येत नाही. विमानात हवा बाहेर सोडण्याचे काम आउटफ्लो व्हॉल्व्ह करतो आणि दाबही तोच सांभाळतो. पुरवठा वाढवला की ब्लीड एअर घेणाऱ्या विमानात इंजिनावरचा भार वाढतो, इंधन अधिक लागते. बोइंग ७८७ मध्ये केबिनसाठी ब्लीड एअरऐवजी विजेवरचे कॉम्प्रेसर आहेत. तिथे हिशेब वेगळा मांडावा लागतो.

मोजणीची परवानगी मिळाली, तर ती केवळ उड्डाणापुरती ठेवू नका. मे महिन्यात नागपूरच्या ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागी, पॅक बंद असताना बोर्डिंग चालू असेल, तर खरी कोंडी तिथेच होते. दरवाजा बंद होण्याआधीपासून नोंदी सुरू करा आणि प्रत्येक आकड्याशेजारी दाब, तापमान व प्रवासीसंख्या लिहा.